जिचं रक्त घेतलं नाही

१

प्राचार्य साहेब, तुमच्या कपाटाचं कुलूप कुणी फोडलं नाही. खिडकीचा गज कुणी वाकवला नाही. तरी एका पोरीनं फक्त तुमच्या हवाली केलेली गोष्ट बाहेर गेली, गावभर झाली. आणि तुम्ही काय केलंत? दुसऱ्याच पोरीला केबिनमध्ये उभं करून म्हणालात, "तुझीच मैत्रीण ना ती? मग हे तुझंच काम." ज्या घरातून माल गेला त्या घराच्या मालकाला सोडलंत आणि शेजारणीची झडती घेतलीत. चौकशी म्हणायचं का हिला?

ती दुसरी पोरगी म्हणजे मुबश्शिरा. नांदेडच्या जुन्या बाजारातल्या गुलाम रसूल गादीवाल्यांची नात, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. आणि जिचं वाटोळं झालं ती शिल्पा, मुखेडकडच्या एका खेड्यातली, श्रीमंतराव शेतकऱ्याची थोरली लेक. दोघी एका बाकावर बसणाऱ्या.

कॉलेजात पोरापोरींचं एक थेंब मंडळ होतं. रक्तदानाची शिबिरं घ्यायची, दवाखान्यातून फोन आला की रक्तगट जुळणारा गडी गाठून पाठवायचा, हे त्यांचं काम. खोली कॉलेजची, कारभार पोरांचा. गुरुवारी दुपारी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणा अनोळखी नंबरावरून मजकूर पडला.

"आपल्या नव्या सचिव शिल्पाताई गॅपच्या वर्षी कुठं होत्या, विचारा त्यांना. लातूरला, मनोविकाराच्या दवाखान्यात. जिचं रक्त घेता येत नाही, तिच्या हातात रक्ताचं मंडळ?"

दिवस मावळायच्या आत तो मजकूर मुखेडच्या बाजारात पोचला होता. शुक्रवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं श्रीमंतराव आले. लेकीची पेटी उचलली आणि ऑफिसात एवढंच सांगून गेले, "सोमवारी येतो. टीसी काढून ठेवा. शिकणं झालं तिचं."

हे ऐकलं तेव्हा मुबश्शिराला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याच्या आधी, एक श्वासभर, तिच्या छातीत गार वारं सुटलं होतं. दोन वर्षं मंडळासाठी उन्हातान्हात फिरली ती मुबश्शिरा, आणि सहा महिन्यांपूर्वी मंडळात आलेली शिल्पा झाली सचिव. प्राचार्य शिल्पाला नावानं हाक मारायचे, हिला "तू गं, स्कार्फवाली". निवडीच्या दिवशी कँटीनमध्ये सगळ्यांच्या समोर ती बोलून गेली होती, "बघा, दोन महिनेबी टिकत न्हाई तिचं पद."

दोन महिने व्हायला आठवडा बाकी होता.

"हे वाक्य तुझंच ना?" प्राचार्यांनी विचारलं.

"हाव."

"मग सोमवारपर्यंत लेखी कबुली दे. नाहीतर शिल्पाच्या टीसीबरोबर तुझाही टीसी निघेल."

२

दुकानात गुलाम रसूल रजईला टाके घालत होते. कॉलेजातून त्यांना फोन आलेलाच होता. सुई न थांबवता त्यांनी एकदाच विचारलं.

"तू केलंस?"

"न्हाई, दादाजान."

"मनात आलं होतं?"

मुबश्शिरा रजईची सुरकुती सरळ करायला लागली. म्हाताऱ्यानं दोरा दातानं तोडला.

"मनात आल्याची शिक्षा कॉलेजनं द्यायची न्हाई, ते वरचा बघून घेईल. पण नुसतं 'मी न्हाई' म्हणणारे लई असतात बेटा. कुणी केलं ते घेऊन ये."

आतून दादी रहमतबींचा आवाज आला, "आधी जेवून घे म्हणावं. उपाशीपोटी कुणी चोर धरला का?"

जेवण झाल्यावर तिनं शिल्पाला फोन लावला. पाचसहा वेळा कट झाला, मग उचलला गेला.

"बोल," शिल्पा म्हणाली. "खूश हाईस ना?"

"शिल्पे, मी न्हाई लिहिलं ते."

"ते ठावं हाय मला."

"कसं?"

"तू लिहिलं असतंस तर खरं लिहिलं असतंस."

हे तिला आधीच सुचायला हवं होतं. तो मजकूर खोटा होता. लातूरच्या दवाखान्यात शिल्पा कधी भरती झालीच नव्हती. भरती होती तिची आई, तुळजाबाई. शिल्पा तिकडं नीट परीक्षेच्या शिकवणीला राहिली होती, आईला तिथंच आणलं आणि शिकवणी सोडून पोर आईच्या उशाशी बसली. मुबश्शिराची खाला, म्हणजे मावशी, कहकशां लातुरातच राहते. तिच्या घरून डबा जायचा. त्या डब्यातून तर या दोघींची ओळख झालेली.

मग शिल्पाचं नाव आलं कुठून? कॉलेजात प्रवेश घेताना वर्ष का बुडालं त्याचा दाखला लागतो. फॉर्म भरणारा सेंटरवाला म्हणाला होता, "आईच्या आजारपणाचा गॅप कुणी धरत न्हाई ताई, स्वतःचं लावा." आईच्या डॉक्टरांनी पोरीची अडचण बघून तिच्याच नावानं लिहून दिलं. पुष्कळजण असंच करतात. आणि तेव्हापासून शिल्पा आजारी होती ही गोष्ट जगात एकाच ठिकाणी नांदत होती. कॉलेजच्या रेकॉर्डात.

ज्यांना शिल्पा माहीत होती, त्यांना खरं माहीत होतं. खोटं फक्त रेकॉर्ड वाचणाऱ्यालाच माहीत असणार.

"मी हे उद्याच साहेबांना सांगते," मुबश्शिरा म्हणाली. "एका वाक्यात सुटतो आपण दोघीबी."

"मुब्बी," शिल्पाचा आवाज एकदम खाली गेला. "आई आता बरी हाय. धाकटीला बघायला पाहुणे येऊन राहिलेत. आईचं नाव कुठं काढलंस तर तू मला मेलीस. मला येडी म्हणू दे लोकाला. तिला न्हाई."

फोन बंद झाला.

हातात किल्ली आली होती आणि ती लावायची बंदी होती.

३

शनिवारी ती लातूरला गेली. खरी गोष्ट आणखी कुणाला माहीत होती, ते आधी पक्कं करायचं होतं. कहकशां खाला शिलाई मशीनवर बसलेली. भाचीला बघून तिनं पाय थांबवला.

"डबा कोण कोण न्यायचं, खाला?"

"मी, तुझे खालू, आणि तो पोरगा. लोह्याचा. शिल्पाच्या शिकवणीतला. लई धडपड्या, डब्यातली बोटी रस्त्यात खायचा."

"सत्यम?"

"तोच. तुळजाबाईच्या खाटेजवळ बसून गाणी म्हणायचा. नर्स हाकलायची त्याला."

सत्यम आता नांदेडला त्यांच्याच वर्गात होता. शिल्पाला त्यानं विचारलं होतं, शिल्पानं नाही म्हटलं होतं, आणि तेव्हापासून ती कुणाशीही हसून बोलली की सत्यमचं तोंड वाकडं व्हायचं. खास करून मंडळाचा अध्यक्ष मल्लेश याच्याशी. मुबश्शिराचा पहिला संशय सत्यमवरच होता. पण त्यानं तुळजाबाईला त्या खाटेवर बघितलं होतं. त्याला खोटं लिहायचं कारण काय? का मुद्दाम खोटं लिहिलं, संशय दुसरीकडं जावा म्हणून?

परतीच्या एसटीतून ती लोह्याला उतरली. सत्यम सुट्टीला घरी आला होता. स्टँडसमोरच्या टपरीवर तो चहा फुंकत बसला होता.

"आलीस? मला धरायला?" तो म्हणाला.

"धरण्यासारखं केलंयस का?"

"केलं असतं तर त्या मल्लेशचं केलं असतं. शिल्पाताईंना विचारा, शिल्पाताईंना पाठवा, दिवसभर तिच्या मागं. मला तर तो अर्धापूरच्या शिबिराचा फोटो बघवत न्हाई. मधोमध ती, शेजारी तो, दात काढून."

"तू नव्हतास त्या शिबिराला."

"मावसभावाचं लगीन होतं. न्हाईतर तिथं मीच असतो तिच्या बाजूला." त्यानं कप आपटला. "पहिल्यांदा रक्त दिलं पोरीनं. दंडाला कापूस लावून उभी, आणि बाजूला कोण, तर मल्लेश. माझ्या नशिबात फक्त फोटो झूम करून बघणं."

मुबश्शिरा त्याच्याकडं वळली.

"काय म्हणालास? रक्त दिलं?"

"दिलं न्हाई का? कापूस दिसतोय की फोटोत. अख्ख्या ग्रुपनं टाळ्या वाजवल्या."

शिल्पानं त्या दिवशी रक्त दिलंच नव्हतं.

अर्धापूरच्या त्या शिबिरात रांगेत शिल्पा पुढं होती, तिच्या मागं मुबश्शिरा, आणि नावं घेणाऱ्या टेबलावर मल्लेश एकटा. त्यानं शिल्पाकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "तुझं वजन भरत न्हाई, ताई. पुढच्या वेळी." शिल्पा गोरीमोरी झाली. सचिवच परत गेली म्हणून लोक हसतील, या लाजेनं तिनं कोपऱ्यात जाऊन दंडाला कापूस चिकटवला आणि आलेल्यांना केळी वाटायला लागली. हे बघितलं एकट्या मुबश्शिरानं. आणि बघून, खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं होतं. ती स्वतः पलंगावर पडली, रक्त दिलं, आणि संध्याकाळी फोटो आला तर मधोमध शिल्पा. रक्त माझं आणि टाळ्या तिला, ही जळजळ तिला इतकी पुरली की त्या दिवशीची सगळ्यात मोठी गोष्ट तिच्या ध्यानातच आली नाही.

वजन करायचा काटा पडद्याच्या पलीकडं होता. शिल्पा त्या काट्यावर चढलीच नव्हती.

"सत्या," ती उठत म्हणाली, "सोमवारी साहेबांसमोर आता बोललास तेच बोलशील?"

"झूम करून बघतो तेबी?"

"तेवढं सोडून."

४

रविवारी मंडळाच्या खोलीत मल्लेश एकटाच शिबिराचे फलक गुंडाळत बसला होता. देगलूरकडचा, शेवटच्या वर्षाचा, गोड बोलणारा. मंडळ त्यानंच नावारूपाला आणलेलं. मुबश्शिराला बघताच त्यानं खुर्ची पुसून दिली.

"लई वाईट झालं," तो म्हणाला. "मी कालच श्रीमंतकाकांना फोन केला. म्हणलं, आम्ही हाव तुमच्यासंगं. पोरीला आराम करू द्या, शिक्षण काय पुढंबी होईल."

"कॉलेज सोडू दे म्हणालास?"

"तिच्याच भल्यासाठी गं."

तेवढ्यात खोलीतला फोन वाजला. मल्लेशनं उचलला, दोन शब्द ऐकले, आणि त्याचा जबडा आवळला. "शिल्पाताई नाहीत. मी अध्यक्ष बोलतोय. मला सांगा ना." पलीकडच्यानं ठेवून दिला असावा, कारण रिसीव्हर हातात धरून तो थोडा वेळ तसाच उभा राहिला.

"रोजचंच हाय," तो हसत म्हणाला. "तीन वर्षं रात्रीबेरात्री मी धावलो. आता सगळ्यांना ताईच पाहिजेत."

ते हसू मुबश्शिरानं ओळखलं. आरशात बघितलेलं होतं तिनं ते, कितीदा तरी.

"मल्लेशदादा, पोरांची माहिती मंडळाकडं असती ना? कॉलेजनं दिलेली?"

"रक्तगट आणि फोन नंबर. ऑफिसातून पेनड्राइव्हवर दरवर्षी मिळतं."

"तेवढंच देतात?"

"देतात बाकीचंबी, अख्खंच्या अख्खं. त्यांना निवडत बसायचा कंटाळा." तो पुन्हा फलक गुंडाळायला लागला. "पण मी रक्तगटाच्या पुढं कधी उघडून बघितलं न्हाई. देवाशपथ. दुसऱ्याचं कशाला बघायचं?"

"खरंय," मुबश्शिरा म्हणाली. "उद्या साहेबांकडं येशील का? मी कबुली देणार हाय."

मल्लेशचा हात थांबला. मग त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, थोरल्या भावासारखा.

"शहाणी हाईस. येतो."

५

सोमवारी केबिनमध्ये श्रीमंतराव टोपी मांडीवर घेऊन बसले होते. शेजारी शिल्पा, मान खाली. टेबलावर टीसीचा अर्ज, श्रीमंतरावांच्या हाताशी पेन. दाराशी गुलाम रसूल उभे होते, बसा म्हटलं तरी बसेनात. सत्यम आणि मल्लेश भिंतीला टेकून उभे.

"कबुली आणलीस?" प्राचार्य म्हणाले.

"आणली. माझी न्हाई."

"म्हणजे?"

"साहेब, त्या मजकुरात म्हटलंय, जिचं रक्त घेता येत नाही. सत्यम, अर्धापूरला शिल्पानं रक्त दिलं का?"

"दिलं. फोटोत कापूस हाय."

"अख्खा ग्रुप हेच समजतो. पण तिनं दिलं न्हाई. तिला परत पाठवलं होतं. हे तिघांनाच ठावं. तिला, मागं उभ्या असलेल्या मला, आणि टेबलावर बसलेल्या मल्लेशदादाला."

"म्हणजे तू किंवा तो," प्राचार्य म्हणाले. "आणि कँटीनमध्ये बोलली होतीस तू."

"हाव. म्हणून पुढचं विचारते. दादा, तिला का परत पाठवलंस?"

मल्लेशनं खांदे उडवले. "वजन भरत नव्हतं."

श्रीमंतरावांनी पहिल्यांदाच मान वर केली.

"कुणाचं? हिचं?" ते म्हणाले. "गेल्या दिवाळीत मुखेडच्या बाजारात आडत्याच्या काट्यावर दोघी लेकींना चेष्टेनं उभं केलं होतं. ही साठाच्या जवळ भरली. कापसाची गाठोडी डोक्यावर घेती ती. वजन भरत न्हाई?"

"मी तिचे कपडे घातले तर पोत्यात घातल्यावाणी दिसते," मुबश्शिरा म्हणाली. "आणि माझं वजन भरलं, साहेब. काट्यावर चढवून बघितलं, मग रक्त घेतलं. तिला काट्यापर्यंत जाऊच दिलं न्हाई. काटा न बघता वजन कसं कळलं, दादा?"

"अंदाजानं. गर्दी होती."

"गर्दीत एकटीलाच अंदाज? मला जे कारण ऐकायला आलं ते वजन. मी मजकूर लिहिला असता तर वजनाचंच लिहिलं असतं. लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की तिला परत पाठवलं, आणि असंबी वाटत होतं की कारण वजन न्हाई, दुसरंच हाय. असा माणूस त्या टेबलावर एकच होता."

मल्लेश शिल्पाकडं बघून बोलायला लागला, आवाज अजून गोडच.

"ताई, तुझी लाज राखली मी. चारचौघांत आजाराचं बोललो असतो तर? डोक्याच्या गोळ्या चालू असतील तर रक्त घेता येत न्हाई, डॉक्टरला विचारावं लागतं. म्हणून वजन सांगितलं."

स्वतःचं वाक्य मल्लेशला उशिरा ऐकू आलं.

"काल देवाची शपथ घेतलीस," मुबश्शिरा म्हणाली, "रक्तगटाच्या पुढं उघडलं न्हाई म्हणून. मग शिबिराच्या दिवशीच आजार कुठून कळला?"

"तीन वर्षं," मल्लेश म्हणाला. गोडवा संपला होता. "तीन वर्षं मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर झोपलो. आणि ही आली, दोनदा हसली, आणि गावंच्या गावं ताई ताई करायला लागली. माझं नावसुद्धा विचारलं कुणी? तू काय मला शिकवतीस? तूबी जळतच होतीस."

"हाव. जळत होते. अजूनबी जळते. सचिव ती कशी झाली ते आजबी मला पटत न्हाई. पण माझं जळणं मी कँटीनमध्ये, तिच्या तोंडावर बोलले. तिची झाकली गोष्ट उघडून त्यावर हात शेकले न्हाईत."

गुलाम रसूल दाराशी हलकेच खाकरले. नातीनं तिकडं बघितलं नाही.

मल्लेश टेबलाकडं वळला. "मला एकट्याला काय धरता? मी कपाट फोडलं का? मी रक्तगट मागितला होता. तुमच्या ऑफिसनं सगळं दिलं. कोण कुठल्या जातीचं, कुणाची फी माफ, कुणाचा बाप मेला, कोण आजारी. माझ्या आधीच्या अध्यक्षालाबी दिलं होतं. सही तुमची हाय, साहेब."

प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हे बघा. मल्लेशला मंडळातून काढतो. मजकूर मागं घ्यायला लावतो. प्रकरण इथंच मिटवू. कॉलेजचं नाव आहे." मग ते शिल्पाकडं वळले, समजुतीच्या सुरात. "पण बेटा, एकदा स्पष्ट होऊ दे. ते दवाखान्याचं खरं आहे ना? कसला आजार होता, आता कसं आहे, आमच्या नोंदीसाठी..."

शिल्पानं मुबश्शिराकडं बघितलं. त्या नजरेत सगळं लातूर होतं. एक वाक्य, फक्त एक वाक्य, आणि शिल्पावरचा डाग पुसला जाणार होता. ते वाक्य मुबश्शिराच्या जिभेवर होतं.

तिनं ते गिळलं.

"ते आम्ही सांगणार न्हाई, साहेब," ती म्हणाली. "तुम्हाला सांगितलेलं कुठं जातं ते बघितलंय. आणि आजार कुणालाबी होतो, त्यात चौकशी करण्यासारखं काय हाय?"

श्रीमंतरावांनी पेन उचललं होतं. शिल्पानं बापाच्या हाताखालून अर्ज ओढून घेतला, चार घड्या घातल्या आणि मुठीत धरला.

"अण्णा, मी कॉलेज सोडून कुठं जात न्हाई."

"गाव बोलतंय, बाई."

"बोलू द्या. मी गावाचं काही हातात दिलं नव्हतं. ज्यांच्या हातात दिलं त्यांनी बोलावं आधी."

श्रीमंतरावांनी लेकीच्या मुठीकडं बघितलं. मग त्यांनी टोपी डोक्यावर घातली, नीट, दोन्ही हातांनी, आणि खुर्ची टेबलाच्या आणखी जवळ ओढली.

"साहेब, मी अडाणी माणूस. बैल विकतानाबी दोन माणसं साक्षीला घेतो, दात दाखवतो, विचारतो. मंडळानं रक्तगट मागितला होता. माझ्या लेकीचं बाकीचं सगळं तुम्ही दिलंत. तिला विचारलं न्हाई, मला विचारलं न्हाई."

प्राचार्यांनी घंटी वाजवायला हात पुढं केला. गुलाम रसूल आत आले आणि त्यांनी घंटी उचलून बाजूच्या खिडकीत ठेवली.

"जवाब द्या," म्हातारा म्हणाला. "आम्ही बसलो हाव. कुणाला विचारून दिलंत?"